न आलेली टोपली

पांढुर्ण्यात राहून संत्र्याला नाही म्हणणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा घरमालक निघाला. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराचा संत्र्याचा माल निघायला लागला की आमच्याकडे कोणाच्याही घरात जा, दारामागे एखादं टोपलं असतंच. कोणाच्या बगिच्यातून आलेलं, कोणाच्या लेकीच्या सासरहून आलेलं. ते नाही म्हटलं तर देणाऱ्याला राग येतो, आणि यायलाच पाहिजे.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो त्याच हंगामात आमच्या ह्यांनी बोरगावकडच्या आमच्या बगिच्यातून चांगला निवडून माल आणला आणि एक टोपलं खाली दिलं. थोड्याच वेळात ते वर परत आलं. घरमालक, ज्यांना सारे सर म्हणायचे, स्वतः घेऊन आले होते. संत्रं आपण खातो, पण बाजारातून विकत घेऊन खातो, कोणी दिलेलं घेत नाही, एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला असा संताप आला म्हणता! मनात नको नको ते आलं. आमच्या हातचं चालत नाही का, इथपासून सुरुवात झाली. मी शाळेत शिकवते, माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक; पण नव्या घरमालकाशी आल्या आल्या भांडायचं नाही म्हणून गिळून बसले.

हळूहळू कळलं की ते कोणाचंच घेत नाहीत. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा दूर नोकरीला. शिकवायचे हिंदीत, वाचायचे इंग्रजीत आणि चिडायचे आपल्या बोलीत. आता ते नाहीत. पण त्यांच्या दारावरून जाताना काही ठासून बोलायची मला अजून भीती वाटते, कारण कोणी ठासून बोललं की आतून त्यांचा प्रश्न यायचा.

प्रश्न एकच. 'आन् बाकीचे?'

म्हणजे असं की मी म्हणायचं, त्या लग्नाला सगळं गाव आलं होतं. सर विचारणार, आन् बाकीचे? जे नाही आले ते काहून नाही आले? एका क्लासवाल्यानं चौकात मोठा फलक लावला, चांगले मार्क मिळवलेल्या पोरांचे फोटो त्यावर. सर पिशवी घेऊन त्याच्याखाली उभे राहिले आणि क्लासवाल्यालाच विचारलं, बाकीचे पोट्टे कुठं लावले? तो बिचारा म्हणाला, सर, जागाच नव्हती. गोटमारीच्या दिवशी, म्हणजे दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात त्या दिवशी, सारं पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या काठावर लोटतं, बाहेरून कॅमेरेवाले येतात, दगड मारणाऱ्या पोरांच्या मनात काय असतं यावर लिहून येतं. सर त्या दिवशी उलट्या दिशेनं निघायचे. जी पोरं नदीवर गेलीच नाहीत त्यांच्या घरी जाऊन बसायचे आणि त्यांना विचारायचे, तू काहून नाही गेला रे? पोरं लाजायची. आयांना वाटायचं, पोट्ट्यानं आता काय करून ठेवलं बाप्पा!

त्यांचा जीव सगळा अडकलेला असायचा तो रिव्ह्यूत. एका प्रश्नावर जी जी संशोधनं झाली असतील ती गोळा करायची आणि त्यांचा मिळून काय निकाल निघतो ते सांगायचं, अशा लेखाला ते लोक रिव्ह्यू म्हणतात. मुलांना मोबाइल किती द्यावा, उशिरा बोलणाऱ्या मुलाचं काय करावं, वयात येणारी पोरं अबोल का होतात, असल्या प्रश्नांवरचे. डॉक्टर काय, शाळा काय, सगळे त्यावर विसंबतात, कारण एकेक संशोधन काढून वाचत कोण बसणार? सर तो लेख शेपटाकडून वाचायचे. निकालाला हातच लावायचे नाहीत. आधी कोणती संशोधनं धरली, कोणती सोडली, किती मुलं संशोधनातून मधातच निघून गेली, ते धुंडाळायचे. ज्याचा निकाल चांगला आला तो छापायला पाठवतो, ज्याचा नाही आला त्याचे कागद खणात पडून राहतात, मग सगळं एकत्र केलं म्हणता ते कोणतं सगळं, असं त्यांचं म्हणणं. झेरॉक्सवाला त्यांना म्हणायचा, सर, वाचून झालं की आमच्या भज्यावाल्याले द्या, कामी येईन. सर हसायचे नाहीत.

आणि गुरुवारी कापडी पिशवी खांद्याला अडकवून ते बसस्टँडवर जायचे. कधी सौंसरची गाडी, कधी बोरगावची, कधी तिगावकडे जाणारा ऑटो. लोकांनी आपापले अंदाज बांधले होते. कोणी म्हणे विमा विकून राहिले, कोणी म्हणे पोरासाठी मुलगी पाहून राहिले. मीही त्यातलीच, मी मुलीच्या बाजूनं होते.

मग आमच्याच घरात विषय निघाला. आमच्या गोलूला चौथं लागलं तरी तो बोलत नव्हता. कान तपासून आणले होते, ऐकू चांगलं यायचं. हाक मारली की कधी पाहायचा, कधी नाही. शब्द मात्र एकही नाही. इतक्या बडबड्या बाईच्या पोटी असं मूल कसं, हे लोक तोंडावर म्हणायचे, आणि मी वरून हसायचे. नागपूरच्या वाचातज्ज्ञ मॅडमकडे नेलं. त्या जीव लावून बोलल्या, गोलूला बोलण्याचे व्यायाम शिकवले, आणि एक गोष्ट सांगितली. घरात मराठी, शाळेत हिंदी, त्यानं मूल गोंधळतं. शाळा हिंदीच राहणार, तर घरातही हिंदीच ठेवा. सोबत एका रिव्ह्यूची प्रत दिली. शेवटी चौकटीत तेच छापलेलं होतं. आमचे हे सरकारी नोकरीतले, छापलेल्या कागदावर त्यांची फार श्रद्धा. त्याच दिवसापासून घरात हिंदी सुरू झाली.

आम्हा दोघांचं निभलं. मध्यप्रदेशात राहून हिंदी कोणाला येत नाही? अडलं ते मामाजींचं. मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर बगिचा बटईनं देऊन आमच्याकडे राहायला आलेले. हिंदी त्यांना कळते, बाजारापुरती बोलताही येते. पण लेकराशी बोलायची भाषा त्यांच्याजवळ एकच. आधी रोज संध्याकाळी ते गोलूला मांडीवर घेऊन बसायचे आणि विहिरीतल्या कासवाचं, वावरात शिरलेल्या रानडुकराचं, झाडावरच्या पाखरांचं सांगत राहायचे. गोलू बोलायचा नाही, पण त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहायचा. माझ्याकडेही इतका वेळ कधी पाहिला नव्हता. ह्यांनी त्यांना हिंदीचं सांगितलं तेव्हा ते 'हाव' म्हणाले. काही दिवस 'बेटा, खाना खाओ' करून पाहिलं. मग त्यांनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. जेवण झालं की स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे आणि गाड्या पाहायचे.

एका संध्याकाळी शाळेतून आले तर गोलू त्यांचा सदरा ओढून राहिला होता. ओढायचा आणि तोंडाकडे पाहायचा, पुन्हा ओढायचा. मामाजींनी मला दारात पाहिलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्याला चूप राहायची खूण केली. न बोलणाऱ्या पोराला चूप राहायची खूण! मी पर्स तिथंच टाकली, नागपूरचा तो कागद काढला आणि खाली सरांच्या हातात नेऊन दिला.

वाटलं होतं, सर दोन दिवसांत सांगतील. कुठचं काय! आठवडे गेले. जिन्यात गाठून विचारलं तर म्हणायचे, ह्या लेखात ज्यांची नावं आहेत ती मूळ संशोधनं मागवली आहेत, ती येऊ द्या. शेवटी मी ऐकवलंच, की सर, पोरीचं लग्न जुळवायलाही इतका वेळ लागत नाही. मग एका रविवारी ते कागदांची चळत घेऊन वर आले. टोपलं परत करायला आले होते त्यानंतर पहिल्यांदाच. मामाजी कोपऱ्यात बसले होते, हे खुर्चीत पेपर वाचत होते.

'मास्तरीणबाई,' सर म्हणाले, 'ज्या घरात एकच भाषा शेवटपावतर टिकली, तेच घरं ह्याच्यात मोजले. ज्या घरी आजा-आजी होते ते बहुत लोक मधातच सोडून गेले. त्यायच्या लेकरायचं काय झालं, कोणालेच माहीत नाही.'

'म्हणजे आमच्यासारखे?'

'तुमच्यासारखेच. तुमी ह्या कागदात हायेतच नाही.'

आणखीही काही सांगितलं त्यांनी. तीच मुलं दोन वेगवेगळ्या लेखांत आली आणि रिव्ह्यूत दोनदा मोजली गेली, असं काहीतरी. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी विचारलं, मग आता मराठीत बोलायचं ना? सर म्हणाले, ते मला माहीत नाही. माझं डोकंच सरकलं. इतके दिवस कागद ठेवून घेतला आणि शेवटी माहीत नाही? उद्या माझं लेकरू असंच राहिलं तर तुमचं काय जाते, इथपर्यंत मी बोलून गेले. ह्यांनी पेपर खाली ठेवला. सर मामाजींकडे पाहत बोलले.

'हिंदीनं फायदा होते का नाही, हे ह्या कागदाले माहीत नाही आन् मलेबी नाही. पण भाऊचा आवाज मले रोज खाली ऐकू येत होता, तो बंद झाला, हे मले माहीत हाये. जे भेटन का नाही भेटन, त्याच्यासाठी जे हातात होतं ते तुमी देऊन टाकलं.'

व्यायाम सोडू नका, नागपूरला जाणं सोडू नका, आणि मॅडमनाही हे विचारा, असं ते पुढे म्हणाले. उठतील असं वाटलं, पण उठले नाहीत. ज्या गोष्टीचा माझ्या मनात इतके दिवस राग होता ती त्यांनी तेव्हा आपणहून सांगितली.

नोकरीत असताना बरीच वर्षं ते पांढुर्णा-सौंसरच्या शाळांमध्ये पालकांच्या सभांना जायचे आणि उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आईबापांना हेच सांगायचे, घरी हिंदीच बोला. तरुणपणी असाच एक रिव्ह्यू वाचला होता, त्याची शेवटची चौकट वाचली होती. लोक सरांचं ऐकायचे. मग हंगाम आला की वऱ्हांड्यात टोपली येऊन पडायची. सर, पोरगी बोलाले लागली. सर, पोट्टा पाढे म्हणते. सरांना वाटायचं, आपलं बरोबर आहे, आणि पुढच्या वर्षीच्या सभेत ते आणखी ठासून सांगायचे. निवृत्त झाल्यावर एकदा सौंसरच्या बसस्टँडवर एक माणूस पाया पडला. सरांनी त्याच्या मुलीचं विचारलं. नाही बोलली सर, तो म्हणाला, आता मोठी झाली, घरीच असते. तिची आजी होती तोवर दोघी खुणांनी बोलायच्या, आजीला हिंदी येत नव्हती ना. सरांनी विचारलं, इतक्या वर्षांत हे मला सांगायला का नाही आला?

'रिकाम्या हातानं कसं यावं, सर?' तो म्हणाला.

आमच्याकडची रीतच ती. गुरुजींच्या दारी जायचं तर हातात काही पाहिजे, आणि टोपलं न्यायचं ते काही चांगलं सांगायचं असलं की. ज्याचं बरं झालं तो टोपलं घेऊन आला. ज्याचं नाही झालं तो आपल्या नशिबाला बोल लावून घरी बसला. 'मी टोपली मोजली,' सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की ह्यांना पुढे झुकावं लागलं. त्या दिवसापासून त्यांनी दिलेलं संत्रं घ्यायचं सोडलं आणि गुरुवारच्या गाड्या धरल्या. विमा नाही की मुलगी पाहणं नाही. ज्यांची टोपली कधी आलीच नाहीत त्यांची घरं शोधत तो माणूस फिरत होता.

सर गेले तशी मी मामाजींना म्हणाले, बोला. ह्यांनी कागदाचं काढलं, तर मी म्हटलं, त्या कागदात आपण नाही, ऐकलं ना तुम्ही? मामाजींनी गोलूकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, 'काहून रे गोलू, कासव आठवते का तुले?' गोलू भिंतीजवळून उठला आणि सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. नागपूरच्या मॅडमना पुढच्या खेपेला सगळं सांगितलं. त्याही प्रामाणिक बाई. म्हणाल्या, मीही चौकटच वाचली होती. मराठी राहू द्या, व्यायाम चालू ठेवा.

उन्हाळ्याच्या सुटीत एका गुरुवारी मी सरांसोबत गेले. सौंसरच्या पलीकडे एका गावात, पत्ता विचारत विचारत. दारात एक बाई कापसाच्या काड्या मोडत बसली होती. सरांना तिनं ओळखलं, पदर सारखा केला आणि घाबरली. सर हात जोडून म्हणाले, तुमच्या पोराचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलंच नाही, ते विचाराले आलो. बाईनं हातातली काडी मोडली. मग म्हणाली, आता विचारून काय करता जी? सर तिथंच ओट्याच्या कडेला बसले. तिनं पाणी दिलं, मग चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत सगळं सांगितलं. पोरगा बोलतो, पण कमी. मजुरीला जातो. सरांचं नाव घरात निघत असे, रागानं नाही, पण निघत असे. सर ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी स्वतःची बाजू सांगितली नाही. परतीच्या गाडीत मी म्हटलं, सर, ती तुम्हाला रागानं चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, हाव ना.

गोलू आज शाळेत जातो. तो किती बोलतो ते मी इथं सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच हिशेब लावाल, सरांचं बरोबर होतं की मॅडमचं, आणि एका लेकरावरून असला हिशेब लावलेला सरांना खपला नसता. मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या आंबिया बहाराचं, आणि तेव्हा गोलू बोलत नव्हता. मामाजींसोबत दिवसभर असायचा, त्यांचं ऐकून खुदकन हसायचा, त्यांनी पाखरू म्हटलं की वर पाहायचा. पण शब्द नाही म्हणजे नाही.

माल निघाला तसे मामाजी त्याला घेऊन बगिच्यात गेले आणि स्वतःच्या हातानं तोडून एक टोपलं भरून आणलं. सरांना देतो, म्हणाले. ह्यांनी समजावलं, की ते परत पाठवतील, उगीच तुमचा अपमान. आणि द्यायचं तरी कशाबद्दल? पोरगं तर बोललं नाही. मामाजींनी धुतलेली टोपी घातली, टोपलं उचललं, आणि मागे गोलू, त्याच्या मागे मी, असे आम्ही जिना उतरलो.

सरांनी दार उघडलं. आधी त्यांची नजर टोपल्यावर गेली, मग गोलूवर. त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं पाहवेना.

'बोलाले लागला का?'

'नाही जी,' मामाजी म्हणाले.

'येखादा शब्द?'

'नाही.'

सरांनी मान हलवली. मग टोपल्याकडे पाहून म्हणाले, 'मंग भाऊ, हे कायचं?'

'पोट्टा बोलत नाही, हेच सांगाले आलो,' मामाजी म्हणाले. 'रिकाम्या हातानं कसं यावं, सर?'

सर दाराला धरून उभे राहिले. गोलूनं टोपल्यातलं एक संत्रं उचललं आणि त्यांच्याकडे धरलं. सरांनी ते घेतलं, खिशात ठेवलं, आणि मग दोन्ही हात पुढे करून मामाजींच्या हातातलं टोपलं घेतलं.

'हे मोजतो मी,' म्हणाले, आणि आत घेऊन गेले.